सोबतीचे पैसे द्यावेत का?

(मिशनच्या साहाय्यकांच्या मालवण येथील सभेत एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मागच्या सभेत अंदाजपत्रक वाचताना ‘बाळंतपणातील सोबत’ ही नवी बाब आली आणि बरेच जण तिथे थांबले. औषधांचा खर्च कळतो, गाडीचं डिझेल कळतं, मुलांच्या वह्या-पुस्तकांचं तर कोणी विचारतही नाही. पण एका बाईने दुसऱ्या बाईजवळ बसायचं आणि त्याचे मिशनने पैसे द्यायचे, हे कशाला? एका भावाने सांगितलं, माझ्या सुनेने पुण्यात ‘डूला’ का काय ती ठेवली होती, तिने भरपूर पैसे घेतले आणि शेवटी सिझरच झालं. आता तेच खूळ आपण वाडीवर नेणार का? मागच्या बाकावरून एका मावशीने जोड दिली, “आमच्या टायमाक खय होती ती डूला? तरी आमी जल्माक इलोच मा!” सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न खरा आहे आणि देणाऱ्याला तो विचारायचा हक्क आहे. फादरांनी मला आज पंधरा-वीस मिनिटं दिली आहेत, ती याच प्रश्नाला देते.

आधी ही डूला म्हणजे कोण ते सांगते. ती डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि सुईणही नव्हे. ती नाळ कापत नाही, आतून तपासत नाही, इंजेक्शन देत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीला लागेपर्यंत त्या बाईला सोडून जायचं नाही, हे तिचं काम. कंबर चोळते, पाणी पाजते, हात धरून चालवते, डॉक्टर काय बोलून गेले ते सोपं करून सांगते आणि ‘झालं, आता थोडंच राहिलं’ असं म्हणत राहते. हा शब्द ग्रीक आहे, अर्थ दासी. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूताला उत्तर देताना मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणवते, तिथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. त्याच अध्यायात ती पुढे काय करते? डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे जाते. एलिझाबेथला तेव्हा सहावा महिना, आणि मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहते. महिने तुम्हीच मोजा. या भेटीवर आपण दर वर्षी प्रवचन ऐकतो. पण उतारवयात पहिलटकरीण झालेल्या बाईकडे तिच्या नात्यातली एक मुलगी नेमक्या शेवटच्या तीन महिन्यांत राहायला गेली, तिने पाणी भरलं असेल, पाय चेपले असतील, याबद्दल प्रवचनात कोणी बोललेलं मला तरी आठवत नाही.

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. होती मावशी, तुमच्या वेळेलाही होती. तुमची आई होती, शेजारची काकी होती, गावची सुईण होती. गोव्यात तिला वयजीण म्हणत. आणि आजही मालवणात बऱ्याच घरांत बाळंतीण घरी आली की तिला आणि बाळाला न्हाऊ घालायला बाई ठेवतात. ती सव्वा महिना येते, तेल लावते, शेक देते, धुरी देते. तिला आपण पैसे देतो, वर साडी आणि नारळ देतो. हा खर्च करावा की नाही, असं कोणी सभेत विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. म्हणजे बाळंतपणात जवळ बाई हवी आणि तिचे हात रिकामे पाठवू नयेत, हे आपल्याला मान्यच आहे. फक्त ते आपल्या लेकीसुनांच्या बाबतीत मान्य आहे.

पुढे बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं. ते चांगलंच झालं. मी आयुष्यभर बायकांना दवाखान्यात चला म्हणून सांगत फिरले आहे, आजही तेच सांगेन. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, 2011 मध्ये सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषध, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत झालं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातली जवळजवळ 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2018-20 या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33. ज्यांनी पूर्वीचे दिवस पाहिले आहेत त्यांना या आकड्याची किंमत कळेल. पण हे होताना एक गोष्ट घडली. बाळंतीण लेबर रूमच्या दारातून आत गेली आणि आई, काकी, सुईण तिघी बाहेरच्या बाकावर राहिल्या. आत राहिल्या त्या सिस्टर. एक सिस्टर, दोन-तीन टेबलं, शिवाय वॉर्ड, शिवाय रजिस्टरं. ती काळजी घेते, पण जवळ बसू शकत नाही.

तुमच्या-माझ्या घरातली मुलगी एवढं निभावून नेते. तिला भाषा येते, फॉर्म वाचता येतो, बाहेर चार माणसं उभी आहेत हे तिला ठाऊक असतं. आपल्या कातकरी वाडीवरच्या मुलीला यातलं काही नसतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक. रायगड-ठाण्यात त्यांची मोठी वस्ती आहे, आपल्याकडे घरं थोडी आणि विखुरलेली. शिवाय आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सरकारची माहेरघर योजना आहे, तारखेच्या आधी काही दिवस बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवतात, सोबत घरचं माणूस राहू शकतं. तसलं काही आपल्या वाट्याला नाही.

काही वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगते. तालुका सांगत नाही, दवाखाना सांगत नाही, मुलीचं नाव तर नाहीच. एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण. आशाताईने चार वेळा हेलपाटे घालून तिला दवाखान्यात आणली. नवरा आंब्याच्या बागेत राखणीला, सासू धाकट्या पोरांना घेऊन वाडीवर. संध्याकाळी भरती झाली. कळा मंद होत्या म्हणून तिला वॉर्डातच ठेवलं. आशाताईला घरी जावं लागलं, तिलाही मुलं आहेत. रात्री पलीकडच्या खाटेवरची बाई ओरडत होती. कोणीतरी येऊन हिला भराभर काही विचारलं, तिला निम्मं कळलं नाही. तिच्या मनाने घेतलं, आता हे आपलं पोट फाडणार. पहाटे सिस्टर फेरीला आली तेव्हा खाट रिकामी होती.

ती चालत गेली. कळा देत, अंधारात. दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेतल्या मांगरात बाळंत झाली. बाळ जगलं. ती मात्र रक्त जाऊन अशी पांढरी पडली होती की आम्ही पोचलो तेव्हा तिला नीट बसवत नव्हतं. गाडी मिळाली, रक्त मिळालं, वाचली. नंतर मी तिला विचारलं, का गं गेलीस? ती म्हणाली, तिथे माझं कोणी नव्हतं.

त्या रात्रीच्या सिस्टरला मी दोष देत नाही. तिने बीपी घेतला होता, बाळाचे ठोके बघितले होते, कागदावर लिहिले होते. तिच्या जवळ बसणं हे त्या इमारतीत कोणाचंच काम नव्हतं. आणि आपण काय म्हणतो? ‘ही माणसं अडाणी, सांगून ऐकत नाहीत.’

आता यावर जगात काय तपासलं गेलं ते थोडक्यात. ग्वाटेमाला नावाचा मध्य अमेरिकेतला गरीब देश. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात बायका एकट्याच कळा सोसायच्या, नातेवाइकांना मनाई. डॉक्टरांनी काही जणींजवळ एक साधी बाई बसवली. वैद्यकीय शिक्षण काही नाही, ओळखदेखील नाही. फक्त जवळ राहायचं, पाठ चोळायची, बोलायचं. 1980 मध्ये हा अभ्यास छापून आला. ज्यांना काही गुंतागुंत झाली नाही अशा 40 जणींची तुलना होती. एकट्या राहिलेल्यांना भरती झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी 19 तास लागले, सोबत असलेल्यांना सुमारे 9. शिवाय सोबत असलेल्या आया बाळाशी जास्त बोलत होत्या, त्याला जास्त कुरवाळत होत्या. चाळीस जणी म्हणजे फार नव्हेत, हे मलाही कळतं. पण पुढे बऱ्याच देशांत हे तपासलं गेलं. 2017 मध्ये कोक्रेन या अभ्यासकांच्या संस्थेने 17 देशांतले 26 अभ्यास एकत्र मांडले, जवळजवळ 16 हजार बायकांचे. फरक ग्वाटेमालाइतका मोठा नाही निघाला. कळांचा वेळ सरासरी चाळीस मिनिटांनी कमी. पण सिझरचं प्रमाण साधारण चौथाईने कमी, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायकाही कमी. सिझर कमी होण्याचा फायदा ठळक दिसला तो दवाखान्याची नोकर नसलेली, पण खास याच कामासाठी आलेली बाई जवळ होती तिथे. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली.

हेच अभ्यास काय सांगत नाहीत तेही ऐका, नाहीतर आपण उद्या भलत्याच अपेक्षा धरू. सोबतीण रक्तस्राव थांबवू शकत नाही. झटके आले तर तिच्या हातात औषध नाही. आपल्या वाडीवरच्या बायकांचं रक्त मुळातच कमी असतं, ते पाठ चोळून वाढत नाही, त्याला गोळ्या आणि पोटभर जेवणच लागतं. तेव्हा कोणी म्हणालं की गाडीचा खर्च कापू आणि सोबतीला देऊ, तर मी पहिली उभी राहून नाही म्हणेन.

गेल्या पावसाळ्यात सिस्टरांनी एका वाडीवर हा प्रयोग करून पाहिला, तो काही ‘यशोगाथा’ नाही. तिसरं बाळंतपण, बाळ आडवं. इकडून तिकडे आणि तिकडून शेवटी गोव्याला, बांबोळीला. सिझर झालं. मागच्या सभेतल्या भावाच्या हिशेबाने पैसे फुकट गेले. पण सोबतीण पहिल्या दवाखान्यापासून तिच्याबरोबर गाडीत होती. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, आधीची दोन कुठे झाली, हे डॉक्टरांना तिने सांगितलं. कागदांची पिशवी तिच्या काखेत होती. तिसऱ्या दिवशी टाके दुखायला लागल्यावर बाई घरी जायचं म्हणून उठली, तेव्हा तिला बसवून ठेवणारी हीच. पोरं वाडीवर कोणाकडे आहेत, काय जेवली, हे ती रोज फोन करून विचारायची आणि आईला सांगायची. त्या एका निरोपावर ती आठ दिवस दवाखान्यात राहिली. सिझर टळलं नाही म्हणून सोबत वाया गेली, असं मला म्हणवत नाही.

आता पैशांचं. हे काम फुकट का नाही? ‘सेवा म्हणजे सेवा, तिचे पैसे कसले,’ असंही कुजबुजलं गेलं. भावांनो, वाडीवरच्या बाईने एक दिवस मजुरी सोडली तर त्या दिवशी चूल पेटेलच असं नाही. 2024-25 मध्ये रोजगार हमीचा दर रोज 297 रुपये होता. बागेत काजू-आंब्याच्या दिवसांत त्याहून जास्त मिळतात. तिने शेजारणीसाठी तीन दिवस दवाखान्यात बसायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी आपल्या खिशातून घालायची. सगळ्यात गरीब माणसाने सगळ्यात मोठी देणगी द्यावी, अशी अपेक्षा आपण करतो आहोत. आणि मोफत योजनेत जेवण आहे ते बाळंतिणीला, सोबत आलेल्या बाईच्या जेवणाची त्यात तरतूद नाही. ती बिस्किटाच्या पुड्यावर दोन दिवस काढते.

माझा हिशेब असा आहे. बाळंतपणाआधी दोन दिवस तिने त्या बाईबरोबर तपासणीला जायचं, म्हणजे दवाखाना दोघींच्या ओळखीचा होतो. मग भरतीचे साधारण तीन दिवस. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तीन दिवस फेरी: अंगावरून जास्त जातं का, ताप आहे का, बाळ दूध ओढतं का, अंगाला गार लागतं का. काही वेगळं दिसलं की लगेच आशाताईला फोन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, 1999 मध्ये तो अभ्यास जगाने वाचला. त्यांचं शिक्षण आपल्याहून पुष्कळ मोठं होतं, आपण त्यांची बरोबरी करत नाही. पण घराजवळच्या बाईची नजर किती कामाची असते, ते त्यांनी दाखवलं. तर झाले आठ दिवस. रोज 400 रुपये धरले तर 3200. जेवण, रिक्षा, फोन मिळून 800. एका बाळंतपणामागे चार हजार. आपल्या वाड्यांवर वर्षात किती जणींना दिवस जातात ते सिस्टरांच्या वहीत आहे, खजिनदारांनी गुणाकार करावा.

पैसे दिवसाचे द्यायचे, बाळंतपणाचे नगावर नाही. हा माझा हट्ट आहे. नगावर दिले की ती एजंट होते, बाईला इच्छा नसताना ओढून नेते, आणि दुसरीशी ‘ही माझी’ म्हणून भांडते. आणि माणूस आपण निवडायचं नाही, वाडीतल्या बायकांनी निवडायचं. बहुतेक ठिकाणी त्या जुन्या सुईणीचंच नाव घेतील. घेऊ द्या. जिने वीस बाळंतपणं पाहिली तिच्याइतका धीर कोण देणार? मात्र तिला स्पष्ट सांगायचं, की आमचे पैसे दवाखान्यात सोबत राहण्याचे आहेत, घरी बाळंतपण करण्याचे नाहीत. आशाताईंना राग येईल का, असं एकीने विचारलं. मी दोघींशी बोलले, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. हजार माणसांमागे एक आशाताई, ती चौदा तास एका खाटेजवळ कशी बसेल?

आणि पुण्याच्या सुनेचं राहिलं. तिथे माझं उत्तर इतकं ठाम नाही. आई, बहीण, नवरा यांपैकी कोणी शांत डोक्याने शेवटपर्यंत बसणार असेल आणि दवाखाना त्याला आत घेणार असेल, तर वेगळे पैसे मोजायची गरज मला दिसत नाही. परक्या शहरात मुलगी एकटी असेल, खिशाला झेपत असेल, तर डोहाळजेवणाच्या हॉलपेक्षा हा खर्च बरा. पण आधी दवाखान्याला विचारा, की तिला आत येऊ देणार का. आणि सिझर होणार नाही अशी हमी जी डूला देईल, तिला दारातूनच परत पाठवा.

आत येऊ देण्याचा प्रश्न आपल्याकडेही आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्येच सूचना काढल्या आहेत, की सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई राहू शकते. ती नात्यातली असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी, संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, डॉक्टर-नर्सच्या कामात तिने लुडबुड करू नये. नात्याची अट आपल्याला अडणार नाही, एका वाडीत कोण कोणाची नातेवाईक नसते! अडचण वेगळीच आहे. लेबर रूममध्ये टेबलं शेजारी शेजारी असतात आणि मध्ये पडदा नसतो. मग एकीची सोबतीण आत आली की दुसरी उघडी पडते, आणि सिस्टर सगळ्यांनाच बाहेर काढते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

मी आपल्या भागातल्या एका दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलले आहे. ते म्हणाले, पडदे आणि ते अडकवायचे दांडे तुम्ही दिलेत तर टेबलामागे एक बाई आत घ्यायला माझी हरकत नाही, आणि बसायला एक स्टूलही द्या. पडदा रोज धुता येईल अशा जाड कापडाचा हवा. मापं मी घेऊन आले आहे. चर्चच्या शिवणवर्गातल्या भगिनींपैकी कोणाला जमणार असेल तर सभेनंतर मला भेटा. स्टुलांचं सुतारभावांनी बघावं.